अपडेटनंतर फोटो सिंक होत नाहीत. फोन म्हणतो 'बॅकअप पूर्ण', टॅबलेटवर मात्र काहीच नाही

निशिगंध
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

आईचा अँड्रॉइड फोन, माझा आयफोन आणि घरातला एक अँड्रॉइड टॅबलेट. फोटोंसाठी तिन्हीकडे एकच खातं जोडलंय, आईचं. ती फोटो काढते, ते थोड्या वेळात टॅबलेटवर दिसतात, मी माझ्या फोनवर बघते. कित्येक वर्षं हे विनातक्रार चाललं होतं. गेल्या आठवड्यात आईच्या फोनला मोठं सिस्टीम अपडेट आलं आणि तेव्हापासून नवे फोटो तिच्या फोनबाहेर पडतच नाहीत. ॲप उघडलं की 'बॅकअप पूर्ण' आणि बरोबरची खूण. टॅबलेटवर अपडेटच्या आदल्या दिवसापर्यंतचेच फोटो. त्यात आणखी एक गोंधळ, काही जुने फोटो अचानक याच आठवड्याच्या तारखेखाली जाऊन बसलेत.

घाई अशासाठी की आई सध्या आजोबांची जुनी पत्रं स्कॅन करणाऱ्या ॲपने टिपून ठेवते आहे. शाई फिकी पडलीय, घडीवर कागद सुटायला लागलेत. मूळ पत्रं लवकरच मामाकडे परत जातील. म्हणजे आत्ता या सगळ्याची एकमेव प्रत एका फोनमध्ये आहे, आणि तो फोन नीट वागत नाही.

आधी काय तपासू? आणि काय अजिबात करू नको?

चक्रधर
सोपं आहे. ॲप काढून टाका, फोन रीस्टार्ट करा, ॲप परत टाका, लॉगिन करा. अपडेटनंतरच्या दहातल्या नऊ तक्रारी यानेच सुटतात.

जुनाजाणता
निशिगंध, वरचा प्रतिसाद वाचून लगेच काही काढून टाकू नकोस, थांब.

चक्रधर, रीस्टार्टला माझी हरकत नाही. ॲप काढण्याला आहे, आणि दोन कारणांनी आहे. पहिलं, अँड्रॉइडवर बऱ्याच ॲपना स्वतःची खाजगी जागा असते. ॲप काढलं की ती जागा आतल्या फायलींसकट पुसली जाते. स्कॅन करणाऱ्या ॲपने पत्रं तिथेच ठेवली असतील तर ती गेलीच म्हणून समजा. दुसरं, गूगल फोटोजमध्ये 'लॉक्ड फोल्डर' असतो, म्हणजे खाजगी फोटोंसाठीचा कुलूपबंद कप्पा. त्यात ठेवलेल्या आणि बॅकअप न झालेल्या गोष्टी ॲप काढल्यावर किंवा त्याचा डेटा साफ केल्यावर परत मिळत नाहीत. कॅश (ॲपच्या तात्पुरत्या फायली) साफ करणं वेगळं आणि डेटा (ॲपने साठवलेलं सगळं) साफ करणं वेगळं, पण सेटिंगमध्ये ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात.

तर पहिलं काम: काहीही डिलीट नको, साइन-आउट नको, 'जागा मोकळी करा' तर नकोच नको. केबलने फोन संगणकाला जोड आणि फोटोंचे सगळे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करून घे. एकदा ती प्रत झाली की मग निवांत शोध घेऊ.

सदाफुली
+१ जुनाजाणता. आधी प्रत, मग दुरुस्ती.

रानवाटा
माझा अनुभव सांगते. मावशीच्या फोनवर असंच झालं होतं आणि घरातल्या प्रत्येकाने वेगळं बटण दाबून बघितलं. शेवटी नेमकं कशाने चालू झालं ते कुणालाच कळलं नाही. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव.

आणि निदान कुठून सुरू करायचं, तर फोनवरून नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्या सेवेची वेबसाइट उघड आणि आईच्या खात्याने आत जा. नवे फोटो तिथे दिसले तर आईचा फोन बरोबर काम करतोय, दोष टॅबलेटचा. तिथेही नसतील तर ते फोनमधून निघालेलेच नाहीत. या एका तपासणीने अर्धं रान कमी होतं.

वाचनमात्र
धागा वाचतोय. आमच्याकडेही हेच चाललंय.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. केबलने कॉपी सुरू केली आहे. वेबवर बघितलं: नवे फोटो तिथेही नाहीत. म्हणजे आईच्या फोनमधूनच निघत नाहीत.

जागेचं म्हणाल तर खात्यात भरपूर शिल्लक आहे. वायफाय चालू आहे, त्यावरून बाकी सगळं चालतं.

मेघना_ल
जागा बघितलीस हे बरं केलंस, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. गूगलची फुकट १५ जीबी ही फोटो, मेल आणि ड्राइव्ह तिघांत मिळून असते. फोटोंसाठीची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, त्यामुळे जुन्या सवयीने वापरणाऱ्यांची जागा हळूहळू भरत जाते. ॲपलच्या आयक्लाउडला फुकट ५ जीबी. आणि आयफोनवर लो पॉवर मोड चालू असेल तर फोटोंचं सिंक थांबतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

चक्रधर
जुनाजाणता, स्कॅन ॲपचा मुद्दा मान्य. मी फक्त बॅकअपच्या ॲपबद्दल बोलत होतो. पण लॉक्ड फोल्डर किती जण वापरतात? सामान्य वापरकर्त्याला इतकी भीती घालायची गरज नाही.

जुनाजाणता
भीती घालत नाही रे. प्रश्न विचारणारीने सांगितलंय की एकमेव प्रत आहे. अशा वेळी शंभरात एकाला होणारं नुकसानही मला मोठं वाटतं. प्रत झाल्यावर तुझा उपाय खुशाल करू देत.

अनुस्वार
'बॅकअप पूर्ण' या संदेशाकडे कुणी बघितलं नाही अजून, आणि मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

अँड्रॉइड १४ मध्ये, म्हणजे २०२३ साली, एक नवी परवानगी आली. ॲपने फोटो मागितले की आता तीन पर्याय दिसतात: सगळे फोटो, फक्त निवडलेले फोटो, किंवा नाही. आयफोनवर हे आयओएस १४ पासून, २०२० पासूनच आहे. सोय चांगलीच आहे, कारण एखाद्या फालतू ॲपला आपली अख्खी गॅलरी का दाखवायची? पण बॅकअपच्या ॲपला 'निवडलेले' ही परवानगी गेली की त्याला तेवढेच फोटो दिसतात. नंतर काढलेले फोटो त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. मग ते प्रामाणिकपणे सांगतं, काम पूर्ण.

आईचा फोन जुन्या आवृत्तीवरून १४ किंवा पुढे गेला असेल तर अपडेटनंतर ॲप उघडल्यावर तो चौकोन समोर आला असणार. तिथे काय दाबलं गेलं हे आठवायची गरज नाही. सेटिंग, मग ॲप्स, मग ते ॲप, मग परवानग्या, तिथे फोटो आणि व्हिडिओ. 'सगळ्याला नेहमी परवानगी' आहे का ते बघ.

सदाफुली
माझी मुलगीही गृहपाठ 'पूर्ण' झाला असंच सांगते. वहीचं जे पान उघडं असेल तेवढा पूर्ण! :)

बोरूबहाद्दर
परवानगीबरोबर बॅटरीचंही बघा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, 'डोझ' नावाची व्यवस्था आहे. फोन नुसता पडून असला की मागे चालणाऱ्या ॲपचं इंटरनेट आखडतं घेतलं जातं, अधूनमधून थोडा वेळ मोकळं सोडतात. त्यावर कित्येक उत्पादक स्वतःचे आणखी कडक नियम लावतात आणि मोठ्या अपडेटनंतर ते नियम मूळपदावर येऊ शकतात. बॅकअपच्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' करून ठेवा. डेटा सेव्हर चालू असेल तर तोही बंद.

आणि अपडेटनंतरचा पहिला दिवस-दीड दिवस फोनला थोडी सवलत द्या हो. तो आत बरीच आवराआवर करत असतो: यादी नव्याने तयार करणं, चेहरे ओळखणं, थंबनेल म्हणजे फोटोंची छोटी चित्रं बनवणं. यातलं बरंचसं काम चार्जिंगला लावून स्क्रीन बंद असतानाच होतं. रात्री वायफायवर, चार्जिंगला लावून ठेवा. सकाळी अर्ध्या तक्रारी आपोआप मिटलेल्या असतात.

कोवळं_ऊन
म्हणूनच मी मोठं अपडेट आलं की लगेच करत नाही. काही आठवडे थांबते, लोकांच्या तक्रारी वाचते, पहिली दुरुस्ती आली की मग करते. २०२४ च्या मे महिन्यात आयओएस १७.५ आलं तेव्हा काही लोकांचे पूर्वी डिलीट केलेले फोटो गॅलरीत परत दिसायला लागले होते. ॲपलने काही दिवसांत १७.५.१ काढून ते दुरुस्त केलं आणि डेटाबेस बिघडल्याने तसं झालं असं सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीकडूनही होतं, तर घाई कशाला?

अनुस्वार
कोवळं_ऊन, मोठ्या आवृत्तीसाठी थांबणं पटतं. पण सुरक्षेची छोटी अपडेट येतात ती मागे ठेवू नये. त्यातून बंद होणाऱ्या त्रुटी जाहीर झालेल्या असतात, म्हणजे वाईट हेतूच्या लोकांनाही त्या कळलेल्या असतात. बॅकअप चालू आहे याची खात्री करून अपडेट करणं हा माझ्या मते चांगला रस्ता. नंतर तपासण्यापेक्षा आधी तपासावं.

कोवळं_ऊन
छोट्यांबद्दल सहमत. माझा रोख मोठ्यांवरच होता.

निशिगंध
अनुस्वार, तुमचा अंदाज अचूक निघाला!! परवानगी 'निवडलेले फोटो' अशीच होती. ती 'सगळे' केली, बॅटरीचं निर्बंध काढलं, फोन चार्जिंगला लावला. आकडा हलायला लागला आहे, आणि टॅबलेटवर एकेक फोटो येतोय. आई शेजारी बसून मोजतेय.

पण आता दुसरीच गोष्ट लक्षात आली आणि पोटात गोळा आला. कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर जाताहेत, पत्रं जात नाहीत. म्हणून वेबवर मागे मागे जाऊन शोधलं. अपडेटच्या कितीतरी आधी स्कॅन केलेली पत्रंही तिथे नाहीत. एकही नाही. म्हणजे ती कधीच वर गेली नव्हती. अपडेट झालं नसतं तर आम्हाला हे कळलंही नसतं.

रानवाटा
बाप रे. पण फोनवर आहेत ना? केबलने केलेल्या कॉपीत आली का बघ आधी.

जुनाजाणता
शांतपणे घे, यात काही हरवलेलं नाही. हे अगदी नेहमीचं आहे. गूगल फोटोजसारख्या सेवा सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतात. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, डाउनलोड, स्कॅन यांचे फोल्डर वेगळे असतात, आणि प्रत्येक फोल्डरचं बटण आपल्याला हाताने चालू करावं लागतं. बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइसवरचे फोल्डर' अशा अर्थाचा पर्याय शोध. तिथे स्कॅन ॲपचा फोल्डर दिसला तर चालू कर, झालं.

दिसलाच नाही तर ते ॲप पत्रं आपल्या खाजगी जागेत ठेवतंय. तसं असेल तर केबलच्या कॉपीतही ती आली नसतील. ॲप उघडून सगळी पत्रं निवड आणि 'एक्स्पोर्ट' किंवा 'गॅलरीत जतन करा' करून बाहेर काढ. पीडीएफ असतील तर फोटोंची सेवा त्यांना हातच लावणार नाही, ती ड्राइव्हसारख्या ठिकाणी किंवा संगणकावर ठेवावी लागतील.

मेघना_ल
आणि बाहेर काढताना ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो म्हणून पाठवू नकोस गं. तिथे फोटो दाबला जातो, बारीक अक्षरं जातात. फिक्या शाईच्या पत्रांना ते परवडायचं नाही. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, मग फाइल मूळ दर्जात जाते.

वाचनमात्र
आमच्याकडेही परवानगीच होती! अनुस्वार, मनापासून धन्यवाद. आजवर फक्त वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं.

बोरूबहाद्दर
या निमित्ताने एक सांगतो, फार कळकळीने सांगतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं काम सगळीकडे सारखं ठेवणं. तुम्ही एका ठिकाणी फोटो डिलीट केलात की ते इमानेइतबारे सगळीकडून डिलीट करतं. फोनवर जागा नाही म्हणून लोक फोटोंच्या ॲपमधून सटासट फोटो उडवतात आणि 'क्लाउडवर आहेत की' म्हणतात. नसतात! तो डिलीट क्लाउडलाही पोचलेला असतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, आयफोनवर 'नुकतेच डिलीट केलेले' यात ३० दिवस. त्यानंतर संपलं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. निशिगंध, पत्रांसाठी हे कराच. क्लाउड ही घराबाहेरची प्रत, संगणक दुसरी, आणि एक बाहेरची हार्ड डिस्क जी काम झालं की काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेली ठेवू नका.

चक्रधर
इथे मी पूर्ण सहमत. फक्त क्लाउडवर विसंबणारे आणि क्लाउडला शिव्या घालून फक्त हार्ड डिस्कवर विसंबणारे, दोघांची जोखीम सारखीच. डिस्कही कधीतरी मरतेच.

निशिगंध
स्कॅन ॲपचा फोल्डर यादीत नव्हता. जुनाजाणता म्हणाले तसंच, सगळं आतच होतं, आणि केबलच्या कॉपीतही आलं नव्हतं. पहिल्याच प्रतिसादावरून ॲप काढलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. (चक्रधर, राग मानू नका, तुम्ही बॅकअपच्या ॲपबद्दल म्हणाला होतात हे माहीत आहे.)

सगळी पत्रं पूर्ण दर्जात एक्स्पोर्ट केली. संगणकावर आली, डिस्कवर आली, वर चढताहेत. आईने एक उघडून झूम करून समास तपासला, आजोबांची बारीक टीपही वाचता येतेय.

राहिला तारखांचा गोंधळ.

चक्रधर
राग कसला! पत्रं वाचली, यातच सगळं आलं. यापुढे सल्ला देताना आधी 'प्रत घेतली का' हे विचारेन.

अनुस्वार
तारखांचं सांगतो. कॅमेरा फोटो काढतो तेव्हा वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, कधी कधी ठिकाण अशी माहिती फाइलच्या आतच लिहितो. याला एक्झिफ म्हणतात, हे मानक १९९५ पासूनचं आहे. ही माहिती असेल तर फाइल कितीदा कॉपी करा, फोटो आपल्या मूळ तारखेलाच बसतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रात ती शिल्लक राहत नाही. मग गॅलरीला फाइल फोनवर केव्हा तयार झाली किंवा बदलली त्या तारखेचाच आधार उरतो. अपडेटनंतर यादी नव्याने बनताना किंवा फाइली इकडून तिकडे हलल्या की ते फोटो आजच्या तारखेखाली येऊ शकतात. तुझे ते 'याच आठवड्याचे' फोटो बहुधा कुणीतरी पाठवलेले असतील.

उपाय असा की फाइलच्या नावात अनेकदा तारीख असते, व्हॉट्सॲपच्या फोटोंत तर असतेच. ती बघून ॲपमध्ये फोटोची तारीख बदलता येते. आयफोनवर ही सोय आयओएस १५ पासून आहे.

काहींचे फोटो दिवसाने नाही तर काही तासांनी सरकतात. त्याचं कारण असं की २०१६ सालच्या २.३१ आवृत्तीपर्यंत एक्झिफमध्ये टाइम झोन लिहायला वेगळी जागाच नव्हती. घड्याळात वाजले किती एवढंच लिहिलेलं, कुठल्या देशातले ते नाही. परदेश प्रवासातले जुने फोटो म्हणून क्रमात मागेपुढे होतात.

सदाफुली
मला एक सुचतंय. पत्रांची तारीखच बदलून त्या त्या पत्राची करून टाक ना! म्हणजे आजोबांचं सगळं आयुष्य गॅलरीत क्रमाने लागेल.

जुनाजाणता
कल्पना गोड आहे सदाफुली, पण मी तसं करणार नाही. एक तर कित्येक पत्रांवर तारीख अर्धवट असते, 'बुधवार, सकाळ' एवढंच. मग अंदाजाने टाकलेली तारीख पुढच्या पिढीला खरी वाटते. शिवाय ॲपमध्ये बदललेली तारीख मूळ फाइलमध्ये उतरेलच असं नाही. गूगल टेकआउटने, म्हणजे खात्यातला सगळा डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीने, फोटो घेतले तर तारखा वगैरे माहिती फोटोबाहेर वेगळ्या मजकुराच्या (जेसन) फायलीत मिळते, आणि सेवा बदलताना ती जोडणं हे किचकट काम आहे.

पत्राची तारीख फाइलच्या नावातच लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कुणी कुणाला. माहीत नसेल तिथे शून्य. नावाप्रमाणे लावलं की क्रम आपोआप लागतो, कुठल्याही उपकरणावर, कुठल्याही अपडेटनंतर.

रानवाटा
आणि पाकिटाचाही फोटो घ्या. आत तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यावर असते.

निशिगंध
पाकिटं! ती आईने बाजूला गठ्ठा करून ठेवली होती. आता तीही टिपायला बसलीय. नावांची पद्धत पटली, तशीच करतोय.

टॅबलेट आता बरोबरीला आला. पण माझ्या आयफोनवर नवे फोटो अजून नाहीत, तो सगळ्यात मागे आहे.

मेघना_ल
आयफोनवर अशी ॲप मागे फार वेळ चालू दिली जात नाहीत. ॲप उघडून थोडा वेळ स्क्रीनवर ठेव. लो पॉवर मोड असेल तर काढ. शिवाय त्या ॲपला 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' आणि मोबाइल डेटाची परवानगी आहे का तेही बघून घे.

निशिगंध
लो पॉवर मोड चालू होता, आणि ॲपही बरेच दिवस उघडलं नव्हतं. दोन्ही केलं, आले फोटो. सगळ्यात वर पाकिटाचा फोटो आहे, शिक्का स्वच्छ वाचता येतोय.